पृथ्वीच्या पोटात कुणी गेलंच नाही, मग आतलं चित्र काढलं कुणी?

शाईची_दौत

लेक सातवीत आहे. काल पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती काढत बसली होती. एकात एक चार वर्तुळं. बाहेरचं तपकिरी, मग भडक लाल, मग नारिंगी, मधोमध पिवळा ठिपका. भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा अशी नावं घातली, शेजारी आकडे लिहिले. मग पेन्सिल चावत म्हणाली, "आई, इथे २९०० किलोमीटर लिहिलंय. मोजायला कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय.

"ते कळलं गं. पण कसं?"

इथे माझी विकेट पडली. रात्री बसून थोडं वाचलं. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल छिद्र रशियात कोला द्वीपकल्पावर आहे. १९७० साली खणायला सुरुवात केली, १९८९ मध्ये १२,२६२ मीटरवर पोचले. तिथे १०० अंशांच्या आसपास तापमान असेल असा अंदाज होता, निघालं १८० अंश सेल्सिअस. पुढे जमेना, थांबले. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. म्हणजे इतकी वर्षं खणून आपण ०.२ टक्कासुद्धा आत गेलो नाही. भूकवचसुद्धा पार झालं नाही! आणि वहीत मात्र थेट केंद्रापर्यंतचे आकडे.

तर जाणकारांनो, तीन शंका आहेत. आतलं कळलं कसं? प्रावरण वितळलेलं आहे की घट्ट? (एका ठिकाणी घन लिहिलंय, दुसरीकडे "वाहतं" लिहिलंय. लेकीने लाल रंगवलंय, लाव्हा समजून.) आणि खंड ज्या सरकत्या तुकड्यांवर बसलेत, त्या प्लेट ढकलतं कोण?

सातवीच्या मुलीला झेपेल असं सांगा. "गुगल करा" सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

उंबरठा

आमच्या वेळी सियाल, सायमा, निफे असं होतं. सिलिका-ॲल्युमिनियम, सिलिका-मॅग्नेशियम, निकेल-फेरम. तिन्ही नावं तालात म्हणायचो, अर्थ विचारायची कुणाची टाप नव्हती. तुमच्या लेकीने विचारलं याचं कौतुक वाटलं. उत्तर मला येत नाही, पुढच्या प्रतिसादांसाठी जागा धरून बसतो.

गारगोटी

दौतताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी. वर्गात भूशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, हा प्रश्न मात्र फार कमी वेळा ऐकला.

बंद खोक्यात काय आहे ते न उघडता कसं ओळखतो आपण? हलवून बघतो. पृथ्वी आपल्याला हलवता येत नाही, पण ती अधूनमधून आपणहून हलते. मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात आणि जगभरच्या भूकंपमापकांवर उमटतात. कुठे किती वाजता पोचल्या, किती जोरात पोचल्या, आणि कुठे पोचल्याच नाहीत, एवढंच आपल्या हाती असतं. पुढचं सगळं काम घड्याळाचं आणि भूमितीचं.

लहरी मुख्य दोन जातींच्या. पी म्हणजे प्राथमिक: दाब-ताण, दाब-ताण करत पुढे सरकते. ती घनातून जाते, द्रवातूनही जाते. एस म्हणजे दुय्यम: आडवी हिसके देत जाते, दोरी झटकल्यासारखी. आडव्या हिसक्यानंतर पदार्थाने पुन्हा मूळ आकारात यायला हवं, तरच ती पुढे जाते. द्रवाला आकारच नसतो, तो कसला मूळ पदावर येतोय! म्हणून एस लहर द्रवात शिरली की संपली.

आता गंमत बघा. भूकंपाच्या जागेपासून साधारण १०४ अंशांपर्यंत (पृथ्वीच्या केंद्रापाशी कोन मोजायचा) दोन्ही लहरी व्यवस्थित पोचतात. त्यापलीकडे थेट येणारी एस लहर कुठेच उमटत नाही. पी लहरसुद्धा १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात जवळजवळ गायब असते आणि पुढे पुन्हा दिसते, पण उशिरा. या पट्ट्याला छायाक्षेत्र म्हणतात. भिंतीवर सावली पडली तर मधे काहीतरी आहे, आणि सावलीच्या मापावरून त्या वस्तूचं माप काढता येतं.

रिचर्ड ओल्डहॅमने १९०६ साली या उशिरावरून सांगितलं की आत वेगळा गाभा आहे. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या आलेखांत पी आणि एस लहरी वेगवेगळ्या ओळखणारा तोच. मग पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर बेनो गुटेनबर्गने हिशोब करून गाभ्याची खोली काढली: २९०० किलोमीटर. तुमच्या लेकीच्या वहीतला आकडा त्याचाच. आज तो २८९० धरतात. शंभरहून जास्त वर्षांत दहा किलोमीटरची दुरुस्ती, आणि तीही संगणक नसताना काढलेल्या आकड्यात.

शाईची_दौत

गारगोटीकाका, सावलीचं तिला एका झटक्यात कळलं. लगेच पुढचा प्रश्न: मग भूकवच कुठे संपतं ते कसं कळलं? तिथे तर सावली पडत नसणार.

गारगोटी

बरोबर, सावली नाही. तिथे शर्यत आहे.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळ भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोविचिच तिथल्या वेधशाळेत होता. निरनिराळ्या ठिकाणचे आलेख मागवून त्याने समोर मांडले, तर लांबच्या ठिकाणी पी लहर दोनदा आलेली दिसली. एकाच भूकंपाची, थोड्या अंतराने. म्हणजे एकीने जवळचा रस्ता धरला आणि दुसरी वळसा घालून आली. पण वळसा घालणारी आधी पोचली होती!

गल्लीबोळांतून सरळ जाणारा आणि थोडं लांब जाऊन महामार्ग पकडणारा, असे दोघे एकदम निघाले असं समजा. जवळच जायचं असेल तर गल्लीवाला जिंकतो. दूर जायचं असेल तर महामार्गवाला. म्हणजे खाली कुठेतरी "महामार्ग" आहे, जिथे लहरी सेकंदाला साधारण सहाऐवजी आठ किलोमीटरने धावतात. खडक बदलल्याशिवाय वेग असा एकदम बदलत नाही. त्या सीमेला आज सगळे प्रेमाने "मोहो" म्हणतात, कारण पूर्ण आडनाव उच्चारताना दात हलतात. खंडांखाली ती सरासरी ३५ किलोमीटरवर, तिबेटसारख्या उंच पठाराखाली ७० च्या आसपास, आणि सागरतळाखाली जेमतेम ६-७ किलोमीटरवर.

बिनपगारी

लहरींनी आत काहीतरी वेगळं आहे ते कळलं, मान्य. पण ते लोखंडच कशावरून? सोनं का नाही?

चंबू_आणि_नळी

सोनं एवढं नाहीच मुळी विश्वात, दुःखद आहे पण इलाज नाही. :)

१७९८ साली हेन्री कॅव्हेंडिशने शिशाचे गोळे टांगून गुरुत्वाकर्षण मोजलं आणि पृथ्वीची सरासरी घनता काढली. पाण्याच्या साधारण साडेपाच पट. आपल्या पायाखालचे खडक पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट. सरासरी साडेपाच यायची तर आत कुठेतरी खूप जड माल हवा. मुबलक असून इतकं जड काय आहे? लोखंड. आकाशातून पडणाऱ्या उल्कांत लोखंड-निकेलच्या उल्का सापडतात, त्या फुटलेल्या लहान ग्रहांच्या गाभ्यांचे तुकडे मानल्या जातात. शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व. त्यालाही आत फिरणारा, वीज वाहून नेणारा द्रव लागतो. वितळलेलं लोखंड तिन्ही अटी पुऱ्या करतं.

निरंजनी

इंगे लेमानचं नाव अजून कुणी घेतलं नाही?

१९२६ पासून गाभा द्रव आहे हे सर्वमान्य होत गेलं होतं (हॅरॉल्ड जेफ्रीसचं काम). पण छायाक्षेत्रात, जिथे पी लहर येताच कामा नये, तिथे बारीकशी लहर दिसायची. कुणी म्हणे उपकरणाचा दोष, कुणी म्हणे लहर वाकून आली असेल. लेमानबाई डेन्मार्कच्या. १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी घेऊन बसल्या आणि १९३६ मध्ये म्हणाल्या, द्रवाच्या आत अजून एक गोळा आहे, त्याच्यावर आपटून लहरी इकडे वळतात. तोच अंतर्गाभा. त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर. एकूण १०४ वर्षं जगल्या.

दौतताई, मुलीच्या आकृतीतला तो पिवळा ठिपका एका बाईने शोधलाय, हे तिला नक्की सांगा.

तळटीप

मुलांना इतकं कशाला सांगायचं? आकृती काढा, नावं द्या, गुण घ्या, पुढच्या धड्याला लागा. बाकीचं कॉलेजात बघतील.

निरंजनी

तळटीप, मुलीने *विचारलंय* हो. न विचारता कुणी सांगत नाहीये.

हिवाळी_पाखरू

दुसऱ्या शंकेकडे वळू या. प्रावरण लाल रंगवण्यात लेकीची चूक नाही, सगळीकडची चित्रं तशीच असतात. पण ते चित्र डोक्यात एकदा बसलं की निघत नाही. प्रावरण घन आहे. खडक आहे. पुरावा वर आलाच आहे: एस लहरी त्यातून खुशाल जातात. द्रव असतं तर गेल्या नसत्या. मुलीला हे तिचं तिलाच काढू द्या, छान वाटेल तिला.

आता "घन असून वाहतं" याचं कोडं. हिमनदी आठवा. बर्फ घनच. हातोडा मारला की तुकडे होतात. तोच बर्फ डोंगरउतारावर शेकडो मीटर जाडीचा साचला की वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकतो, वळणं घेतो, खडकाला वळसा घालतो. बर्फ ठोकला तर फुटतो, दाबून ठेवला तर वाहतो. काळ किती दिला यावर ठरतं. प्रावरणाचा खडक तसाच, फक्त त्याला लाखो वर्षं लागतात.

डांबरट

आयडीला जागून डांबराचा मुद्दा मांडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेलने १९२७ मध्ये काचेच्या नरसाळ्यात डांबर भरलं, तीन वर्षं बसू दिलं, मग खालचं तोंड कापलं. तेव्हापासून थेंब पडताहेत. किती? २०१४ पर्यंत नऊ. हातोडीने फुटणारं डांबर!

गारगोटी

उदाहरण झकास आहे, पण एक खोडा घालतो. डांबर हा शेवटी फार दाट द्रवच. प्रावरणात खडकाचे स्फटिक जागच्या जागी असतात, स्फटिकांतले अणू एकेक करून सरकतात आणि सगळा खडक कणाकणाने आकार बदलतो. म्हणून हिवाळी पाखराची हिमनदी जास्त जवळची. मुलांना दोन्ही सांगावं, फरकही सांगावा.

हिवाळी_पाखरू

आणि प्रावरण वाहतं याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा हवा असेल तर तोही आहे. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर तीनेक किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या वजनाने जमीन खाली दबली, खालचं प्रावरण बाजूला सरकलं. बर्फ वितळून दहा हजारांच्या आसपास वर्षं झाली, जमीन अजून वर येतेच आहे. बॉथनियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर. जुनी बंदरं समुद्रापासून दूर, कोरड्यात गेली. गादीवरून उठल्यावर गादी हळूहळू फुगते ना, ती फुगायला दहा हजार वर्षं लावणारी गादी.

बिनपगारी

थांबा थांबा. प्रावरण घन, तर ज्वालामुखीतून काय पडतं मग? लाव्हा काय आभाळातून येतो?

चंबू_आणि_नळी

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर बऱ्याच मोठ्यांनाही येत नाही.

खोलवरचा खडक इतका तापलेला असतो की जमिनीवर आणला तर वितळू लागेल. पण वरून पडणारा दाब त्याला वितळू देत नाही. आता तो वितळण्याचे दोन मार्ग. एक: खडक वर सरकला, दाब उतरला, त्यातला थोडासा भाग वितळला. महासागरांच्या मधल्या पर्वतरांगांखाली असंच होतं. खाली कुणी आच वाढवलेली नसते, फक्त झाकण सैल झालेलं असतं. दुसरा: पाणी मिसळलं. सागरतळाची प्लेट दुसरीखाली बुडते तेव्हा खनिजांत अडकलेलं पाणी सोबत नेते. खाली ते बाहेर पडतं आणि वरच्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो. पॅसिफिकभोवतीचे ज्वालामुखी बहुतेक या दुसऱ्या जातीचे. पाणी ओतून खडक वितळवणं हे ऐकायलाच किती उलटं वाटतं!

म्हणजे लाव्ह्याचा मोठा साठा खाली भरून ठेवलाय आणि भोक पडलं की उसळतो, हे चित्र चूक. तो त्या-त्या जागी थोडा थोडा तयार होतो.

शाईची_दौत

तिने प्रावरणाचा लाल रंग खोडून हिरवा केला. कुणीतरी तिला सांगितलंय म्हणे की प्रावरणाचा खडक हिरवट असतो. खरं आहे का? की मैत्रिणीने थाप मारली?

गारगोटी

मैत्रीण हुशार आहे. वरच्या प्रावरणात ऑलिव्हिन नावाचं खनिज भरपूर असतं, त्याचा रंग हिरवट. ज्वालामुखीतून वर येताना लाव्हा कधीकधी प्रावरणाचे गोटे खेचून आणतो, ते फोडले की आत हिरवे दाणे चमकतात. म्हणजे आपण आत गेलो नाही, पण आतला माल अधूनमधून घरपोच येतो. हिरेही तसेच, बहुतेक दीडशे किलोमीटरपेक्षा खोलून आलेले. २०१४ मध्ये ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट या खनिजाचा कण सापडला, तो तर ५०० किलोमीटरहून खालचा. आणि त्यात पाण्याचा अंश होता.

खडूफळा

मी वर्गात काय करते ते सांगते. वहीतल्या आकृतीत प्रमाण पार बिघडलेलं असतं, भूकवच बोटभर जाड काढतात मुलं. म्हणून मोकळ्या जागेत जमिनीवर खडू-दोरीने काढायचं. १ मिलिमीटर म्हणजे १० किलोमीटर. दोरी ६३.७ सेंटीमीटर. केंद्रापासून १२.२ सेंमीवर अंतर्गाभा संपला. पुढे २२.६ सेंमी बाह्यगाभा. पुढे २८.९ सेंमी प्रावरण. आता भूकवच काढा म्हटलं की मुलं गोंधळतात, कारण खंडाखाली साडेतीन मिलिमीटर आणि सागराखाली पाऊण मिलिमीटरही नाही. खडूची रेघच त्याहून जाड! कोलाचं छिद्र सव्वा मिलिमीटर. एव्हरेस्ट एक मिलिमीटरच्या आत. मारियाना गर्ता (समुद्रतळावरची सगळ्यात खोल चर) एक मिलिमीटरच्या किंचित पुढे.

एकदा एक मुलगा बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आपण या रेघेच्या आतपण नाही, रेघेवर राहतो."

वरच्या वर्गाला मी अजून एक गणित देते. अंतर्गाभा त्रिज्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा दिसतो, मग पृथ्वीचा किती भाग? मुलं पाचवा म्हणतात. घनफळ काढलं की एक टक्कासुद्धा भरत नाही. आणि प्रावरण भरतं सुमारे ८४ टक्के. पृथ्वी म्हणजे मुख्यत्वे प्रावरणच.

रेघोट्या

खडूफळा बाई, त्या चित्रात प्लेट किती जाड? भूकवचाएवढीच ना?

खडूफळा

नाही, आणि इथे बहुतेकांचा पाय घसरतो. माझाही वर्षानुवर्षं घसरत होता. गारगोटीसर, तुम्हीच सांगा.

गारगोटी

पृथ्वीचे थर दोन तऱ्हांनी मोजतात आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. कशाचा बनलाय हे विचारलं तर भूकवच, प्रावरण, गाभा. कसा वागतो हे विचारलं तर शिलावरण आणि त्याखाली दुर्बलावरण. शिलावरण म्हणजे भूकवच *आणि* त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड, ताठ भाग, मिळून साधारण १०० किलोमीटर. तुकडे झालेत ते या शिलावरणाचे. तेच प्लेट किंवा भूपट्ट. बाईंच्या खडूच्या चित्रात एक सेंटीमीटर. त्याखालचा खडकही तोच, फक्त जास्त तापलेला आणि म्हणून मऊ. प्लेट लाव्ह्यावर तरंगत नाहीत. ताठ खडक मऊ खडकावरून सरकतो.

रेघोट्या

आणि ढकलतं कोण? आमच्या पुस्तकात भांड्यात उकळणाऱ्या पाण्यासारखे अभिसरण प्रवाह दाखवले होते, वर सरकत्या पट्ट्यावर ठेवल्यासारख्या प्लेट.

चंबू_आणि_नळी

ते चित्र साफ चूक नाही, पण अर्धं आहे. प्रावरणात अभिसरण आहेच, पृथ्वीची आतली उष्णता (काही जन्मापासूनची, काही युरेनियम-थोरियम-पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाची) अशीच बाहेर पडते. पण प्लेट म्हणजे पट्ट्यावर बसलेलं सामान नव्हे, ती त्या अभिसरणाचाच वरचा थंड भाग आहे. आणि सगळ्यात मोठा जोर खालून येणारा नसून ओढणारा आहे.

पलंगावरची चादर एका बाजूला जास्त लोंबली की काय होतं? लोंबणारा भाग उरलेल्या चादरीला ओढत खाली नेतो. सागरतळ समुद्रातल्या त्या पर्वतरांगेपाशी तयार होतो तेव्हा गरम, हलका. दूर जाताना थंड होतो, जड होतो. शेवटी गर्तेत बुडतो, आणि बुडलेला तुकडा मागच्या सगळ्या प्लेटला खेचतो. पुरावा नकाशात आहे. पॅसिफिक प्लेटच्या कडा लांबच लांब गर्तांत बुडताहेत, ती जोरात पळते. आफ्रिका आणि युरेशिया प्लेटला असा लोंबता पदर फारसा नाही, त्या रेंगाळतात.

डांबरट

चादर मी रोज ओढतो, अशी भूगर्भीय दृष्टी आधी नव्हती.

शाईची_दौत

चादरीचा प्रयोग झाला. चादर खाली, लेक खाली, वर ठेवलेली वही खाली. वर तिचं म्हणणं, "वही म्हणजे खंड."

"जोरात पळते" म्हणजे किती?

रेघोट्या

याचं गणित मुलांना फार आवडतं. अटलांटिकची दोन्ही टोकं वर्षाला साधारण अडीच सेंटीमीटरने दूर जातात. नख वर्षात साधारण चार सेंटीमीटर वाढतं, म्हणजे नखापेक्षाही सावकाश. पॅसिफिकच्या पूर्वेकडच्या रांगेवर काही ठिकाणी वर्षाला १५ सेंटीमीटर, ही केसांची चाल.

आता उलटं मोजा. उत्तर अमेरिका आणि आफ्रिका यांच्यातलं अंतर ढोबळमानाने ५००० किलोमीटर धरा. म्हणजे ५० कोटी सेंटीमीटर. भागिले २.५. उत्तर २० कोटी वर्षं. आणि दोन्ही किनाऱ्यांचे खडक तपासले तर तुटायला सुरुवात झाली तोही काळ साधारण तोच निघतो. सातवीच्या भागाकारात अख्खा महासागर बसतो.

हिवाळी_पाखरू

पण "सावकाश" हे सरासरीत. कडा अडकून बसतात, मागून प्लेट येतच राहते, खडक धनुष्यासारखा वाकत जातो आणि एके दिवशी सुटतो. ११ मार्च २०११ रोजी जपानजवळ असंच झालं. गर्तेजवळचा सागरतळ काही मिनिटांत ५० मीटरच्या आसपास सरकला, जपानचा किनारा ठिकठिकाणी पाच मीटरपर्यंत पूर्वेला गेला. जीपीएसच्या खांबांनी हे मोजलंय.

निरंजनी

वेगेनरबद्दल कुणी लिहिणार का, की मी लिहू? लिहितेच.

अटलांटिकच्या दोन्हीकडचे किनारे जुळतात हे नकाशाकार ऑर्टेलियसने १५९६ मध्येच म्हटलं होतं. आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ. १९१२ साली त्याने फ्रँकफर्टमध्ये खंड सरकतात असं मांडलं. पुरावे भक्कम: गोड्या पाण्यातला मेसोसॉरस (प्राचीन सरपटणारा प्राणी) दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका दोन्हीकडे, ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतीचे जीवाश्म दक्षिणेकडच्या सगळ्या खंडांत. पण लोक त्याला हसले आणि तो १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला.

गारगोटी

"हसले" हे अर्धसत्य आहे, निरंजनीताई. काही हसले. पण खरा आक्षेप रास्त होता: खंडांना हलवणारं बळ कोणतं? वेगेनरने पृथ्वीचं फिरणं आणि भरती-ओहोटीचं बळ पुढे केलं. हिशोब केला तर ती बळं लाखो पटींनी अपुरी. निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं. मुलांना दोन्ही सांगायला हवं, नाहीतर "सगळे मूर्ख, एकटा शहाणा" अशी गोष्ट होते. आणि खंड सरकण्याला शेवटपर्यंत विरोध करणाऱ्यांत कोण होता माहितीये? वर ज्याचं नाव आलं, गाभा द्रव आहे सांगणारा जेफ्रीस.

कोडं सुटलं समुद्रात. १९५०च्या दशकात मेरी थार्प जहाजांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकचा तळ कागदावर काढत होत्या. मधल्या पर्वतरांगेच्या ऐन माथ्यावर त्यांना खोल घळ दिसली, तळ दोन्हीकडे फाटत असल्यासारखी. सहकारी ब्रूस हीझनने आधी ती "बायकी बडबड" म्हणून उडवून लावली. मग शेजारच्या टेबलावर भूकंपांच्या जागांचा नकाशा तयार होत होता, तो वर ठेवून पाहिला. भूकंप नेमके त्या घळीत. पुढे हॅरी हेसने १९६२ मध्ये सागरतळ पसरतो असं मांडलं आणि १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून ते दाखवून दिलं. पृथ्वीचं चुंबकत्व मधूनमधून उलटतं (शेवटचं ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी), आणि थंड होणारा लाव्हा त्या वेळची दिशा धरून ठेवतो. रांगेच्या डाव्या-उजव्या बाजूला पट्टे सारखेच, आरशात पाहिल्यासारखे.

शाईची_दौत

हे सगळं तिला वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प. मग: "नवीन तळ बनतच असेल तर पृथ्वी फुगत का नाही?"

खडूफळा

अगदी हाच विचार करून काही शास्त्रज्ञ पृथ्वी खरंच फुगतेय असं मांडत होते! मुलगी चांगल्या संगतीत आहे.

उत्तर चादरीतच आहे. एकीकडे बनतो तेवढा दुसरीकडे गर्तांत बुडतो. म्हणून सागरतळ नेहमी तरुण. महासागरांच्या तळाचा जवळजवळ सगळा खडक १८ कोटी वर्षांच्या आतला. खंड हलके, ते बुडत नाहीत, म्हणून जमिनीवर ४०० कोटी वर्षांचा खडक सापडतो. आणि दोन खंड समोरासमोर आले तर दोघंही बुडायला तयार नसतात, मग घड्या पडतात. हिमालय तसाच. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत.

तळटीप

एव्हरेस्टवर समुद्री जीव? हे मला माहीत नव्हतं. बरं, चालू द्या. वाचतोय.

शाईची_दौत

शेवटचं अपडेट. खडूफळा बाईंनी निरोपातून एक खेळ सुचवला होता, तो आज गच्चीवर झाला. आठ मुलं एका रांगेत, प्रत्येकाचे दोन्ही हात पुढच्याच्या खांद्यावर. ही घन पृथ्वी. मागून एक ढकला दिला, तो पुढे पुढे जात पहिल्यापर्यंत पोचला: पी. मग शेवटच्याला कंबरेतून डावी-उजवीकडे हलवलं, सगळी रांग सापासारखी हलली: एस. मग मधल्या चौघांना हात खाली घ्यायला सांगितलं, नुसतं खेटून उभं राहायचं. तो झाला द्रव. ढकला तरीही पार गेला. डावी-उजवी हालचाल मात्र मागून तिसऱ्याच्या पुढे गेलीच नाही, तो एकटाच डुलत राहिला.

सगळ्यात पुढे माझी लेक होती, पाठ फिरवून, डोळे मिटून. काम एवढंच: जे जाणवेल ते ओरडून सांगायचं. तिसऱ्यांदा ती ओरडली, "पी आली! एस नाही! मधे कोणीतरी द्रव आहे!"

खाली येताना विचारत होती की मंगळावर रांग लावायला माणसंच नाहीत, मग तिथलं कसं कळतं. गारगोटीकाका, आहात ना?

गारगोटी

आहे, आहे. तिथे २०१८ मध्ये इनसाइट यान उतरलं, एकच भूकंपमापक घेऊन. रांगेत एकटीच मुलगी, डोळे मिटून, चार वर्षं कान देऊन बसलेली. तिला काय काय ऐकू आलं ते उद्या लिहितो, आज चष्मा सापडत नाहीये.